मथळ्यातच दुवा, की मथळ्याखाली?

कोकणातल्या किल्ल्यांवर, बंदरांवर किंवा तालुक्यांवर मराठी विकिपीडियात जरा मोठं पान लिहायला घेतलं की हा प्रश्न हमखास येतो. समजा, किनाऱ्यावरच्या किल्ल्यांचं पान आहे. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, पद्मदुर्ग असे एकेक विभाग आहेत आणि प्रत्येकावर स्वतंत्र लेखही आहे. मग मथळा नुसता == विजयदुर्ग == ठेवायचा (दोन्हीकडची == ही मथळ्याची खूण), की == [[विजयदुर्ग]] == असे कंस घालून तिथूनच वाचकाला पुढे पाठवायचं? सॉफ्टवेअर दोन्ही चालवून घेतं, अडवत नाही. म्हणूनच निर्णय लिहिणाऱ्याला घ्यावा लागतो.

माझं मत आधीच सांगते: लेखात मथळा मोकळा ठेवा, दुवा त्याखाली द्या. चर्चापानांवर, म्हणजे लिहिणारे लेखाबद्दल आपसात बोलतात त्या पानांवर, वेगळा हिशेब आहे, तो पुढे येईल.

मथळ्यातल्या दुव्याच्या बाजूने खरा मुद्दा एकच आहे, तो म्हणजे सोय. लिहिणाऱ्याचे चार कंस टाकून काम होतं आणि संगणकावर वाचणाऱ्याला निळं नाव चटकन दिसतं. एखाद्या पानाकडे कुठून कुठून दुवे येतात ते दाखवणाऱ्या ‘येथे काय जोडले आहे’ या यादीतही तो दुवा इतर दुव्यांसारखाच धरला जातो. नुकसान कुठे होतं, तर फोनवर. फोनच्या ब्राउझरमध्ये लेखाचे विभाग मिटलेले असतात आणि ते उघडायला मथळ्यावरच बोट ठेवावं लागतं. मथळ्यातलं नाव दुवा असेल, तर विभाग उघडायच्या ऐवजी वाचक थेट दुसऱ्या लेखावर जाऊन पडतो. आपल्याकडे खाडीकाठच्या आणि घाटाखालच्या कितीतरी गावांत रेंज जेमतेम असते. नको असलेलं पान उघडून परत मागे यायचं म्हणजे पुन्हा गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघत बसायचं. जो विजयदुर्गाबद्दलच्या चार ओळी वाचायला आला होता, त्याच्याशी असं वागणं मला पटत नाही.

अनुक्रमणिकेतही फायदा नाही. तिथली प्रत्येक ओळ स्वतःच त्या विभागाकडे नेणारा दुवा असते, त्यामुळे मथळ्यातला दुवा गाळूनच नाव तिथे उतरतं. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी साधनं वापरणारे वाचक तर एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत लेख चाळतात. त्यांना मथळा हा मुक्काम वाटला पाहिजे, बाहेर नेणारं दार नव्हे.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो नावांचा घोळ, आणि कोकणात तो फार आहे. सिंधुदुर्ग म्हणजे मालवणचा किल्ला, आणि १ मे १९८१ला रत्नागिरीतून वेगळा झालेला जिल्हाही. रायगड म्हणजे महाडजवळची राजधानी, आणि १९८१पर्यंत कुलाबा म्हणून ओळखला जाणारा जिल्हाही. रत्नागिरी तर शहर, तालुका, जिल्हा असं तिन्ही. आता मथळा असा लिहिला: == [[सिंधुदुर्ग किल्ला|सिंधुदुर्ग]] ==. उभ्या रेघेआधी दुव्याचं पान, नंतर दिसणारं नाव. वाचकाला दिसतं फक्त ‘सिंधुदुर्ग’. दुवा किल्ल्याकडे जातो की जिल्ह्याकडे, हे दाबल्याशिवाय कळत नाही. तेच पहिल्या वाक्यात लिहून पाहा: ‘मालवणसमोरच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली बांधायला घेतलेला [[सिंधुदुर्ग किल्ला]]…’ कुठे जायचंय हे दुव्यावर बोट ठेवण्याआधीच समजतं, आणि शिवाय दोन गोष्टी कळतात.

मथळ्यात दोन ठिकाणं आली की अडचण आणखी वाढते. ‘हर्णै बंदर व सुवर्णदुर्ग’ यात दोन दुवे दिले तर मथळा अर्धा निळा, अर्धा काळा. एकच दिला तर दुसऱ्यावर अन्याय. खाली वाक्यात मात्र पाण्यातला सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावरचे कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला, सगळ्यांना नीट जागा मिळते. एखाद्यावर लेख नसेल तर त्याचा लाल दुवाही वाक्यात शोभतो. मथळ्यात तोच लाल रंग चूक झाल्यासारखा दिसतो.

आता मथळ्याखाली म्हणजे नेमकं कुठे? दोन रीती आहेत. विभाग म्हणजे स्वतंत्र लेखाचाच गोषवारा असेल, तर मथळ्याच्या लगेच खाली ‘मुख्य लेख’ दाखवणारा साचा (पानात घालायचा तयार तुकडा) लावा. विस्तार दुसरीकडे आहे, हे त्यातून स्वच्छ कळतं. विभाग तसा गोषवारा नसेल, नुसता उल्लेख असेल, तर पहिल्या वाक्यातला दुवा पुरे. तिथे साचा लावला की उगाच मोठेपणा येतो. आणि विभागात एकच ओळ असेल, तर मथळाच काढा. रत्नागिरीच्या नऊ तालुक्यांना नऊ मथळे कशाला? साधी यादी करा आणि यादीत खुशाल दुवे द्या.

चर्चापानावर मथळ्यात दुवा मी स्वतः देते. ‘[[पद्मदुर्ग]] लेखातील सनावळी’ असा विषय टाकला की उत्तर देणारा एका टिचकीत लेखावर पोहोचतो. तिथे वाचक माहिती घ्यायला नाही, काम करायला आलेला असतो. चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक चर्चेच्या पानावरही तेच.

जुनं पान सुधारायला घ्याल तर एक जपा. मथळ्याचे नुसते कंस काढले तर काही मोडत नाही, कारण विभागाचा पत्ता दिसणाऱ्या शब्दांवरून बनतो. मात्र जिथे [[विजयदुर्ग|घेरिया]] असं, म्हणजे विजयदुर्गाचं दुसरं नाव, लिहिलंय, तिथे ‘घेरिया’ हेच ठेवा. ‘#घेरिया’ असा दुवा दुसऱ्या कुठल्या लेखातून आला असेल, तर मथळा बदलताच तो विभागाऐवजी पानाच्या डोक्यावर नेऊन सोडतो. नाव बदलायचंच असेल तर आधी ते दुवे शोधून दुरुस्त करा.