असीरगड की लळिंग? जळगावहून एका दिवसात एकच होतो

पुण्याची बहीण दिवाळीला आली की भाचा दुसऱ्याच दिवशी सुरू होतो, मामा तुमच्याकडे किल्लेच नाहीत का. तिकडे सोसायटीत मातीचा रायगड करून, मावळे वगैरे लावून आलेला असतो आणि इथे त्याला दिसतात फक्त केळीच्या बागा. मग माझ्यातला खान्देशी जागा होतो. याच नादात गेल्या काही वर्षांत असीरगड दोनदा आणि लळिंग तीनदा झालाय, बहुतेक वेळा घरचं अख्खं लटांबर सोबत, त्यामुळे ओळखीतलं कुणी विचारलं की यातलं कुठे जाऊ तर माझ्याकडे उत्तर आहे, फक्त ते एका वाक्यात देता येत नाही.

ट्रेकवाल्यांसाठी हे नाही, ते दोन्ही करतील आणि वर रात्री भामेरच्या किल्ल्यावरही जातील. हे आपल्यासारख्यांसाठी, ज्यांच्या गाडीत एक आई, एक बायको, दोन पोरं, डबा आणि उलटीसाठी पिशवी असते. आणि असीरगड तर मध्य प्रदेशात, तो खान्देशात कसा, हा वाद नको, बऱ्हाणपूर ही खान्देशचीच राजधानी होती, सरहद्दीची पाटी फार नंतर लागली.

अंतराने निर्णय होत नाही हीच खरी पंचाईत आहे. जळगावहून पूर्वेला भुसावळ, मुक्ताईनगर, इच्छापूर, बऱ्हाणपूर आणि पुढे खंडव्याच्या रस्त्याला वीसेक किलोमीटर की असीरगड. पश्चिमेला एरंडोल, पारोळा, धुळे आणि पुढे मुंबईच्या दिशेने दहाएक की लळिंग. दोन्हीकडे शंभर-सव्वाशे धरून चाला. वाटेतल्या गोष्टी पण तोडीस तोड, तिकडे मुक्ताईचं दर्शन तर इकडे पारोळ्याचा भुईकोट भर बाजारात उभा.

असीरगड मोठा आहे हे पहिल्यांदा मान्य करून टाकतो. नुसता मोठा नाही, त्याचा रुबाबच वेगळा. लांबून तटबंदी दिसायला लागते आणि गाडीतली पोरं गप्प होतात, आमच्याकडे हे फार क्वचित घडतं. दख्खनचा दरवाजा म्हणायचे याला, उत्तरेतून खाली उतरायचं तर सातपुड्यातल्या या वाटेवरूनच, आणि वाटेवर हा बसलेला. अकबरासारख्या अकबराला इथे महिनोन्महिने वेढा घालून बसावं लागलं, तेव्हा कुठे जानेवारी १६०१ मध्ये गड हाती आला आणि खान्देशवर राज्य करणाऱ्या फारुकी घराण्याचं राज्य संपलं. लढून घेतला की आतल्या लोकांना पैसे चारून घेतला यावर अजून लोक भांडतात. वर जामा मशिदीचे दोन मिनार, मोठी तळी, इंग्रजांच्या जुन्या कबरी, खडकात कोरलेले फारसी शिलालेख, एका गडावर तीन-चार वेगवेगळ्या राजवटी फिरून होतात. शिवाय गाडी पार वरपर्यंत जाते, मागच्या बाजूने रस्ता आहे, गुडघेदुखीवाल्यांना याहून काय पाहिजे. गावाच्या बाजूने पायऱ्यांची वाट पण आहे, चांगलीच खडी, मी ती फक्त वरून वाकून बघितलीय.

एवढं सगळं असताना मी लळिंगच्या बाजूने का, तर अश्वत्थामा.

हसू नका. ज्यांना माहीत नाही असे कमीच असतील, पण असीरगडावर गुप्तेश्वर महादेवाचं देऊळ आहे आणि कपाळावर जखम घेऊन भटकणारा अश्वत्थामा रोज पहाटे तिथे येऊन फूल वाहून जातो अशी समजूत आहे. गोष्ट म्हणून मला ती आवडते. प्रॉब्लेम असा की गडावर दुसरं काही शिल्लकच राहत नाही. आलेला प्रत्येक जण तेच विचारतो, अर्धे लोक मोबाईल धरून तेच शूट करतात, अकबर जाऊ द्या, एवढा मोठा मिनार समोर उभा असून त्याच्याकडे पाठ. पहिल्या वेळी आम्ही बऱ्हाणपूरहून भाड्याची जीप केली होती, तो ड्रायव्हर आम्हाला थेट देवळातच घेऊन गेला, पिंडीवर जास्वंदाचं लाल फूल होतं, ते दाखवून हळू आवाजात म्हणाला, "देखो साब, ताजा है." ताजंच होतं. पिंडीच्या मागे कोनाड्यात फाडलेला अगरबत्तीचा पुडा आणि अर्धी काडेपेटी पण होती, ती मी बायकोला डोळ्यांनी दाखवली, म्हटलं हे पण त्याचंच का, तिने कोपर मारलं.

पण आईने फूल बघितलं होतं. आई अमळनेरकडची, एरवी आमच्यासारखंच बोलते पण घाबरली की अहिराणीत शिरते. तीन वाजले नाहीत तोच "चाला रे, दिन बुडाना पहिले खाले चाला" सुरू. मी म्हटलं अगं तो पहाटे येतो, संध्याकाळी नाही. तर म्हणे पहाटे येतो तर रातभर राहत कुठं असेल? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाचा तोवर बहिणीच्या ओढणीत शिरलेला. साडेतीनला आम्ही खाली.

आता हिशोब बघा. सकाळी सातला निघालो, मुक्ताईनगरला थांबलो, बऱ्हाणपुरात जीप ठरवण्यात वेळ गेला, गडावर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर. जाऊन-येऊन सहा-सात तास गाडीत आणि गडावर जेमतेम अडीच, तेही दिवसातले सगळ्यात वाईट अडीच. खान्देशचं ऊन दिवाळीतसुद्धा दुपारी आपला हिसका दाखवतंच. अशा उन्हात कुठलाही किल्ला बघा, सगळे सारखेच पांढुरके दिसतात, कोरीवकाम असो की नुसता चुना, डोळे बारीक करूनच बघायचं. किल्ल्याची वेळ म्हणजे चार ते सहा, सावल्या लांब व्हायला लागतात, दगडाचा रंग बदलतो, वारा सुटतो. असीरगडावर ती वेळ मला एकदाही मिळालेली नाही. दुसऱ्या वेळी आईला मुद्दाम घरी ठेवून दोन मित्रांच्या फॅमिलीसोबत स्वतःच्या गाडीने गेलो, तर तिथे मित्राच्या सासूबाई. त्या वेळी सव्वातीन.

तर माझं मोजमाप हे असं आहे, सायंटिफिक काही नाही, तुमच्या घरात असं कुणी नसेल तर हा मुद्दा सरळ सोडून द्या. पण एकदा आपल्या गाडीतली माणसं मोजून बघा.

लळिंगची गोष्ट उलटी. इथे गाडी खालीच लावायची, गावात, तिथे एक जुनं हेमाडपंती शिवमंदिर आहे, आणि मग चालत वर. आमच्या स्पीडने तासभर तरी लागतो, मध्ये मध्ये वाट काट्याकुट्यातून, पाणी खालूनच न्यायचं. वर गेल्यावर पहिल्यांदा जरा हिरमोडच होतो, खोटं कशाला सांगू. पडका दरवाजा, तटाचे तुकडे, ललितामातेचं छोटं देऊळ. भाचा वर उभा राहून विचारत होता, "मामा, किल्ला कुठंय?" खडकात खोदलेली पाण्याची टाकी मात्र बघण्यासारखी, ओळीने आहेत, आत डोकावलं की गार हवा तोंडावर येते आणि हाक मारली की आवाज फिरून येतो. पोरांचा अर्धा तास तिथेच जातो, स्वतःचंच नाव ओरडण्यात.

आणि दुसरी कटकट म्हणजे खालचा हायवे. मुंबई-आग्रा रोड अगदी पायाशी, घाटात ट्रक गिअर बदलतात तो घरघराट आणि ते लांबलचक सुरातले हॉर्न पार माथ्यावर ऐकू येतात. डोंगरावर शांतता शोधायला जाणाऱ्याने इथे जाऊच नये. पहिल्या वेळी मी वैतागलो होतो, म्हटलं एवढं चढून येऊन ऐकायचं काय तर हॉर्न. पण त्याच हायवेमुळे मोबाईलला फुल रेंज असते, आणि आई खाली देवळाच्या ओट्यावर गावातल्या बायकांशी गप्पा मारत बसलेली असली तरी तिला दर पंधरा मिनिटांनी फोन करून आम्ही जिवंत आहोत का ते विचारता येतं. तिला तेवढं पुरतं. तिथे काही येत-जात नाही हे तिने त्या बायकांकडून आधीच कन्फर्म करून घेतलेलं.

म्हणजे संध्याकाळ आपली. आम्ही सकाळी उशिरा निघतो, दुपारचं ऊन धुळ्यात काढतो, एकदा राजवाडे संशोधन मंडळाचं म्युझियम बघितलं, एकदा नुसतं नातेवाइकांकडे लोळलो, आणि साडेतीनला चढायला सुरुवात करतो. पावणेपाचपर्यंत वर. मग डबा, कळण्याची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, कांदा बुक्कीने फोडून. सूर्य पश्चिमेच्या डोंगरांकडे उतरायला लागतो, टाक्यांचे खांब आतपर्यंत केशरी होतात, आणि मघाशी ज्या हायवेला शिव्या घातल्या त्याच्यावर एकेक करून लाइट लागत जातात, पांढऱ्यांची एक रांग आपल्याकडे येणारी, लालची एक जाणारी. भाच्याने त्या वेळी किल्ला कुठंय हे विचारलं नाही. तो ट्रक मोजत होता. सूर्य टेकला की लगेच उतरायचं, अर्धा तास उजेड मिळतो, शेवटच्या टप्प्याला टॉर्च लागतोच, प्रत्येकाच्या हातात वेगळा ठेवा, एकच असला की तो सगळ्यात पुढे पळणाऱ्या पोराकडे असतो.

मला यात आणखी एक मजा वाटते. हे दोन्ही किल्ले एकाच घरातले. मलिक राजा फारुकीला दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाकडून १३७० च्या सुमारास थाळनेरची जहागीर मिळाली, तो १३९९ मध्ये गेला तेव्हा थोरल्या मुलाच्या, नासिर खानाच्या वाट्याला लळिंग आलं, धाकट्याच्या वाट्याला थाळनेर. जुन्या फारसी तवारिखेत गोष्ट अशी येते की नासिरने असीरगडच्या आसा अहिराला निरोप धाडला, आजूबाजूचे राजे उठलेत, लळिंग शत्रूच्या फार जवळ आहे, आमच्या बायामाणसांना तुझ्याकडे आसरा दे. आसा म्हणजे गुराढोरांचा मोठा धनी, भला माणूस, हो म्हणाला. पहिल्या दिवशी डोल्यांतून खरंच बाया आल्या, दुसऱ्या दिवशीच्या डोल्यांतून हत्यारबंद शिपाई उतरले, आणि गड गेला. थोडक्यात नासिर खानाने दोन्हींची तुलना करून लळिंग सोडलं आणि असीरगड घेतला. त्याच्यासोबत पोरांच्या शाळेची सुट्टी नव्हती एवढंच म्हणेन.

बरं, लळिंगला अजून एक आठवण आहे जी पोरांना सांगितलीच पाहिजे, १९३७ मध्ये बाबासाहेब आंबेडकर कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले होते तेव्हा लळिंगच्या बंगल्यात उतरले होते. किल्ल्याच्या नादात लोक ही जागा सोडून पुढे जातात.

असीरगड कुणी करावा हेही सांगतो, नाहीतर एकतर्फी वाटेल. आई-वडिलांना चढता येत नसेल आणि तरी त्यांना वर न्यायचंच असेल तर असीरगडच, लळिंगला त्यांच्या नशिबी पायथा. इतिहासाचं वेड असेल तर असीरगडच. आणि बऱ्हाणपूरला मुक्काम करायची तयारी असेल तर मग माझी वरची सगळी बडबड फुकट, कारण मुक्काम असला की घाई नाही, एक दिवस गड, दुसऱ्या दिवशी शाही किल्ला, कुंडी भंडारा म्हणजे मुघलांच्या वेळची जमिनीखालची पाणीयोजना, आणि गावातली जामा मशीद, जिथे भिंतीवर अरबीसोबत संस्कृत लेख पण आहे. मुमताज महल गेली ती पण बऱ्हाणपुरातच, १६३१ मध्ये, ताजमहाल नंतर. एका दिवसात हे सगळं कोंबायला गेलात तर काहीच धड होत नाही, आमचं झालेलं नाही. मे महिन्यात मात्र दोन्हीकडे जाऊ नका, कूलरसमोर बसा. पावसाळ्यात लळिंग हिरवंगार असतं पण वाट निसरडी, लहान पोरं असतील तर मी तरी नेणार नाही.

यंदा भाऊबीज झाली की परत लळिंगच ठरलंय, येताना धुळ्याच्या ढाब्यावर शेवभाजी. असीरगडची ती चार ते सहा मी कधीतरी थंडीत एकट्याने भुसावळहून रेल्वेने जाऊन गाठणार आहे, पायऱ्यांच्या वाटेने, घरी अजून बोललेलो नाही.

आणि तुम्ही तिकडेच निघाला असाल तर बऱ्हाणपूरची मावा जिलेबी परतताना घ्या. जाताना घेतली की गडापर्यंत पोचत नाही, आणि मग सगळ्या गाडीला मळमळत असतं.