‘डेड’ म्हणून दिलेले चार लॅपटॉप

गेल्या वर्षी आमच्याकडे चार बंद लॅपटॉप साठले होते. एक माझा, एक धाकट्या भावाचा, एक नणंदेचा आणि एक बाबांचा. बाबांना जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. भाचीला डिप्लोमाला प्रवेश मिळाला आणि तिला लॅपटॉप हवा होता. भाऊ म्हणाला, नवा कशाला, या चारांतून दोन तरी उभे राहतील.

त्याचं म्हणणं बरोबरच होतं, आणि आजही मला ते पटतं. लॅपटॉप बंद पडला म्हणजे त्यातलं सगळं गेलं असं नसतं. माझ्या लॅपटॉपवर चहा सांडून मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्ड, गेला होता, पण स्क्रीन, रॅम (चालू कामासाठीची मेमरी) आणि एसएसडी (फाइली साठवणारी डिस्क) शाबूत होती. भावाचा त्याच मॉडेलचा, त्याची फक्त स्क्रीन फुटली होती. नणंदेच्या लॅपटॉपचं हिंज, म्हणजे स्क्रीनची बिजागरी, तुटलं होतं आणि बॅटरी निकामी झाली होती. बाबांचा बटण दाबलं तरी सुरूच होत नव्हता. माझी स्क्रीन भावाच्या लॅपटॉपला, माझी रॅम आणि एसएसडीही त्यालाच, नणंदेच्या लॅपटॉपला हिंज आणि बॅटरी. दोन चांगली मशिन्स झाली असती.

मी पुण्यातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात चारही घेऊन गेले. माणूस बोलायला अतिशय गोड. “ताई, ठेवून जा, दोन दिवसांत करून देतो.” त्याने जॉबशीट, म्हणजे लॅपटॉप कामाला घेतल्याची पावती, लिहिली: ‘४ लॅपटॉप, डेड कंडिशन’. एवढंच. मॉडेल नाही, सीरियल नंबर नाही, आत काय काय आहे त्याची नोंद नाही. खाली बारीक अक्षरांत छापलेलं होतं की आतल्या पार्ट्सची आणि डेटाची जबाबदारी दुकानाची नाही. मी सही केली. माझं खरं नुकसान त्या सहीत झालं, कारण भावाचा लॅपटॉप ‘डेड’ नव्हताच आणि माझ्यात 2022 साली मी स्वतः घेतलेली 16 जीबी रॅम आणि 512 जीबीची एसएसडी होती. कागदावर मात्र चार निकामी डबे होते.

दोन दिवसांचे आठ झाले. मग फोन आला. मजुरी 4,500, नव्या बॅटरीचे 2,400. उरलेलं भंगार तो ठेवून घेणार, त्याबद्दल 1,000 कमी. बिल मागितलं तर म्हणाला, “जीएसटीचं बिल केलं तर अठरा टक्के वाढतील, कशाला उगाच?” मी यूपीआयने पैसे दिले. बाबांच्या लॅपटॉपचं विचारलं, कारण त्यात त्यांचे फोटो होते, ट्रेकचे, आईबरोबरचे. तो म्हणाला, “बोर्ड जळालाय ताई, डिस्कही त्याच्याबरोबर गेली.” मी मान डोलावली आणि तो लॅपटॉप तिथेच सोडून आले.

हे वाक्य जवळपास कधीच खरं नसतं. बोर्ड गेला तरी हार्डडिस्क बहुधा चांगली असते. ती काढून चार-पाचशे रुपयांच्या यूएसबी केसिंगमध्ये घातली की दुसऱ्या कॉम्प्युटरला पेन ड्राइव्हसारखी लागते. हे मला कळलं ते महिन्याभराने.

पहिली शंका भाचीला आली. “मावशी, जरा बाजूने बघितलं की सगळं काळपट दिसतं.” मी तिच्या शेजारी बसून पाहिलं. समोरून ठीक, पण मान थोडी कलली की रंग उलटे व्हायचे, अक्षरं राखाडी. माझ्या स्क्रीनवर कुठूनही स्वच्छ दिसायचं. डिस्प्ले सेटिंग उघडलं तर रिझोल्यूशन, म्हणजे स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या ठिपक्यांची संख्या, 1366 बाय 768. माझी स्क्रीन 1920 बाय 1080 होती. म्हणजे माझी लावलीच नव्हती, कुठलीतरी जुनी स्वस्त बसवून दिली होती.

मग भावाचा एक मित्र, जो हीच कामं करतो, त्याने जेवणाच्या टेबलावर दोन्ही लॅपटॉप उघडले. तळाचे दोन स्क्रू गायब, एक भलत्याच मापाचा. रॅमच्या 8 जीबीच्या दोन स्टिक होत्या, तिथे 4-4 जीबीच्या, त्याही दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या. एसएसडी 512 चीच होती, म्हणून माझा जीव भांड्यात पडला. पण त्याने क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर चालवून दाखवलं: ही 19,000 तासांहून जास्त चालली होती. माझी दोन वर्षांत, रोज पाच तास धरले तरी, पावणेचार हजारांच्या पुढे जात नाही. माझ्या जुन्या खरेदीच्या बिलावरचा सीरियल नंबरही जुळेना.

बॅटरी सगळ्यात वाईट निघाली. नवीन म्हणून लावलेल्या पॅकच्या कडेला चाकूने उघडून पुन्हा चिकटवल्याच्या खुणा होत्या, आणि स्टिकरखाली आणखी एक स्टिकर. वापरलेले सेल भरून नव्या वेष्टनात विकतात त्यातला प्रकार. ती 40 टक्के दाखवत असतानाच लॅपटॉप धाडकन बंद पडायचा. हा निव्वळ पैशांचा प्रश्न नाही. असा पॅक फुगू शकतो, पेटू शकतो, आणि आमच्याकडे तो रात्रभर चार्जिंगला असायचा, गादीशेजारी.

दुकानात गेले तर गोडवा संपला होता. “तेव्हाच चेक करून का नाही घेतलंत? सही आहे ना तुमची?” मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. हाती फक्त जॉबशीट, यूपीआयची नोंद आणि माझी जुनी बिलं. बरेच दिवस पाठपुरावा केल्यावर 3,000 रुपये परत आले. पार्ट आले नाहीत. ग्राहक आयोगात जायचं तर 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, हे मला नंतर कळलं. पण दिलेलं काय होतं हे सिद्ध कसं करणार, तिथेच मी अडले.

जुना लॅपटॉप देणार असाल तर आधी तळाचं झाकण उघडून, किंवा दुकानदाराला समोर उघडायला लावून, रॅम, एसएसडी आणि बॅटरीवरच्या स्टिकरचे फोटो काढा. नंबर स्पष्ट वाचता आले पाहिजेत. मशीन चालू होत असेल तर विंडोजच्या टास्क मॅनेजरमधली मेमरीची माहिती आणि स्क्रीनचं रिझोल्यूशन यांचेही फोटो घ्या. हे सगळं जॉबशीटवर लिहून घ्या, आणि लिहायला नकार दिला तर तिथून उठा. खरा कारागीर नकार देत नाही. त्या मित्राने पहिल्याच दिवशी माझ्यासमोर सगळं उघडून, वहीत नंबर लिहून मगच काम हातात घेतलं.

आणि डिस्क कधीही दुकानात सोडू नका, भंगारात तर नाहीच. “फॉरमॅट करून टाकतो” म्हणतात, पण साध्या फॉरमॅटने फाइली पुसल्या जात नाहीत, फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरनेही बऱ्याचदा परत काढता येतात. बाबांच्या डिस्कवर फोटोंशिवाय त्यांचं आधार, पॅन, आयकर विवरणं, पेन्शनचे कागद, सगळं स्कॅन केलेलं होतं. डिस्क काढून घरी ठेवा. उरलेलं खरंच निकामी असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या ई-कचरा केंद्रात द्या. गल्लीतल्या भंगारात गेलेले बोर्ड कुठेतरी उघड्यावर ॲसिडमध्ये घालून त्यातलं सोनं-तांबं काढतात, आणि ते करणारे हात बिनमोज्यांचे असतात.

तीन हजार मिळाल्यावर मी त्या दुकानात आणखी एकदा गेले, पैशांसाठी नाही. म्हटलं, बाबांची डिस्क तेवढी द्या, जळालेली असली तरी द्या. त्याने आतून एक पोतं आणून ओतलं. शंभर-सव्वाशे डिस्क असतील, धुळीने माखलेल्या. “शोधा यातून.” मी फरशीवर बसून एकेक उलटून बघितली, पाऊण तास. सगळ्या सारख्याच दिसत होत्या, प्रत्येकीवर कंपनीचं स्टिकर आणि लांबलचक नंबर. आणि ताडून बघायला माझ्याकडे बाबांच्या डिस्कचा नंबर नव्हता.