मिरचीच्या हंगामात वाचलेली उद्योग-मार्गदर्शक पुस्तके

गेल्या हिवाळ्यात माझ्या भाचीने मिरची पूड आणि सावजी मसाला तयार करून विकण्याचे मनावर घेतले. बँकेच्या कर्ज विभागात सारी नोकरी काढलेल्या मामाला आता दुसरे काम उरलेले नाही असे गृहीत धरून, छोटा व्यवसाय कसा उभारावा आणि त्याचा माल कसा खपवावा या विषयावरची चांगली पुस्तके शोधण्याची जबाबदारी तिने माझ्यावर टाकली. नागपुरात बर्डीवरच्या नव्या आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून मी सहा पुस्तके आणली आणि टिपणे काढत, तिच्या प्रत्यक्ष कामाशी एकेक प्रकरण ताडून पाहत ती वाचली. पुस्तकांची नावे येथे मुद्दाम देत नाही, कारण या प्रकारचा मजकूर नाव आणि मुखपृष्ठ बदलून पुन्हा पुन्हा बाजारात येत असतो. वाचकाला पुस्तक चाळताच त्याचा प्रकार ओळखता आला तर तेच अधिक उपयोगी पडेल.

सहापैकी दोन पुस्तके शासकीय योजनांची आहेत. ती सर्वांत जाड, सर्वांत महाग आणि सर्वांत लवकर शिळी होणारी. त्यांतल्या एकावर ‘सुधारित आवृत्ती’ असे ठळक छापलेले असूनही आत सूक्ष्म उद्योगाची जी व्याख्या दिली आहे, ती २००६ च्या कायद्यातली, म्हणजे यंत्रसामग्रीत २५ लाख रुपयांपर्यंत गुंतवणूक असलेला उद्योग, अशी आहे. ही मर्यादा १ जुलै २०२० पासून एक कोटी गुंतवणूक आणि पाच कोटी उलाढाल अशी झाली आणि १ एप्रिल २०२५ पासून तीही बदलून अडीच कोटी आणि दहा कोटी अशी झाली आहे. त्याच पुस्तकात ‘उद्योग आधार’ ही छोट्या उद्योगांची जुनी सरकारी नोंदणी कशी करावी यासाठी चार पाने खर्च केली आहेत, वास्तविक तिची जागा २०२० मध्येच ‘उद्यम’ नोंदणीने घेतली. ही नोंदणी शासनाच्या संकेतस्थळावर पूर्णपणे मोफत होते, हे एक वाक्य त्या चार पानांहून मोलाचे ठरले असते; कारण याच नोंदणीसाठी हजार-दोन हजार रुपये उकळणारी माणसे भाचीला पहिल्याच आठवड्यात दोनदा भेटली.

दुसरे योजना-पुस्तक बरेच ताजे आहे. मुद्रा कर्जाच्या शिशु, किशोर आणि तरुण या तीन पायऱ्यांवर २०२४ मध्ये ‘तरुण प्लस’ ही २० लाखांपर्यंतची चौथी पायरी आली, याची त्यात नोंद आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातील अनुदानाचे कोष्टकही बिनचूक आहे: महिलांसाठी शहरी भागात प्रकल्प खर्चाच्या २५ टक्के, ग्रामीण भागात ३५ टक्के, आणि स्वतःचा वाटा पाच टक्के. मात्र हे अनुदान अर्जदाराच्या हातात रोख पडत नाही, ते बँकेत तीन वर्षे वेगळे ठेवले जाते आणि नंतर कर्जखात्यात वळते होते, हे कोष्टकाखाली कोठेही सांगितलेले नाही. अनुदानाच्या भरवशावर कच्चा माल भरण्याचा बेत करून आलेले अर्जदार मी नोकरीत कितीतरी पाहिले आहेत. समजावून सांगितल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटत असे, त्याला या पुस्तकांचे मौन बरेचसे जबाबदार असावे.

याच पुस्तकाच्या शेवटी नमुन्याचे प्रकल्प अहवाल आहेत आणि ते पाहून मला हसू आवरले नाही. असेच नमुने उतरवून केलेले अहवाल आमच्या टेबलावर येत असत. एका मसाला उद्योगाच्या अहवालात तर ‘परिसरातील दूध संकलनाची वाढती क्षमता लक्षात घेता’ असे वाक्य तसेच राहिले होते. नमुना वाचावा जरूर, पण त्यातला एकही आकडा आपला नसतो.

परदेशी पुस्तकांची दोन भाषांतरे मी थोडक्यात संपवतो. जेरोम मॅकार्थी यांनी १९६० मध्ये मांडलेले चार ‘पी’, म्हणजे वस्तू, किंमत, वितरणाचे ठिकाण आणि प्रसिद्धी, त्यांत व्यवस्थित समजावले आहेत आणि ती चौकट आजही कामाची आहे. अडचण भाषेची आणि उदाहरणांची आहे. घरोघरी टपालाने सवलतीची कूपने पाठवण्यावर एक पूर्ण प्रकरण आहे, आणि ‘विपणन मिश्र’, ‘बाजार विभाजन’ अशा शब्दांची इतकी दाटी आहे की ज्या गोष्टीला इतवारीतला व्यापारी ‘खप’ आणि ‘गिऱ्हाईक’ एवढ्या दोन शब्दांत निकाली काढतो, ती शोधायला वाचकाला तीनदा मागे जावे लागते.

पाचवे पुस्तक मराठीतच लिहिलेले, केवळ माल खपवण्याविषयीचे आहे. लेखक व्याख्याते असावेत, कारण प्रत्येक प्रकरण टाळ्या पडतील अशा ठिकाणी संपते. लिज्जत पापडची गोष्ट त्यात असणार हे मी उघडण्यापूर्वीच ओळखले होते आणि ती होतीच: १९५९ साल, मुंबईतील सात महिला आणि ८० रुपयांचे उसने भांडवल. गोष्ट खरी आहे आणि ती सांगण्यात गैर काही नाही, परंतु त्या उपक्रमात लाटणाऱ्या बहिणींना रोजच्या रोज मेहनताना देण्याची जी पद्धत होती, तिच्यासाठी पैसा फिरता कसा ठेवला जात असेल, हा खरा विचार करण्याजोगा प्रश्न लेखकाच्या मनालाही शिवलेला नाही.

तरीही या पुस्तकातली साधारण ३० पाने उत्तम आहेत. गूगलच्या नकाशावर आपल्या दुकानाची नोंद कशी करावी, वेळ, फोन क्रमांक आणि छायाचित्रे कशी द्यावीत, प्रतिकूल अभिप्रायाला सौम्य उत्तर कसे लिहावे, व्हॉट्सॲप बिझनेसवर वस्तूंची यादी किमतींसह कशी लावावी, हे सारे पायरीपायरीने आणि चित्रांसह दिले आहे. वेष्टनावर काय छापलेच पाहिजे याचीही यादी आहे: उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, तक्रारीसाठी संपर्क, आणि अन्नपदार्थ असल्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक. भाचीने आपली पहिली वेष्टने याच यादीवरून तपासून घेतली आणि छपाईपूर्वीच एक उणीव सापडली, एवढ्यानेच पुस्तकाची किंमत वसूल झाली असे मी मानतो.

पण याच लेखकाने जीएसटीविषयी जे अर्धवट लिहिले आहे, ते नागपूरच्या माणसाला महागात पडू शकते. मालाची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची गरज नाही, असे सांगून ते पुढे जातात. ही सूट राज्याच्या आतल्या विक्रीपुरती आहे. कर लागू असलेला माल दुसऱ्या राज्यात विकायचा झाला, तर उलाढाल कितीही छोटी असली तरी नोंदणी आधी करावी लागते. पुण्याच्या उत्पादकाला हा प्रश्न वर्षभर पडणार नाही. आपल्याकडे मात्र मध्य प्रदेशातल्या शिवनी आणि छिंदवाड्याचे दुकानदार खरेदीला नेहमीचे येणारे, आणि भाचीकडे पहिली मोठी विचारणा करणारा ग्राहक तिकडच्या पांढुर्ण्याचाच निघाला.

सहावी पुस्तिका मी जुन्या पुस्तकांच्या ढिगातून ४० रुपयांना घेतली. जेमतेम ९० पाने, मुखपृष्ठ फाटलेले, कुठल्याशा उद्योजकता प्रशिक्षण वर्गासाठी छापलेली. कायदे आणि योजनांच्या बाबतीत ती आता निरुपयोगी आहे; तिच्यात जीएसटी नाही, उद्यम नाही, मोबाइलही नाही. परंतु हिशेबाच्या दोन प्रकरणांत तिने जे सांगितले आहे, ते उरलेल्या पाचांत मिळून नाही. पैसा खर्च होण्याचा दिवस आणि तो परत येण्याचा दिवस यांच्यात किती अंतर आहे, आणि त्या अंतरात धंदा कशावर जगणार, हा प्रश्न ती पहिल्या पानापासून वाचकाच्या मागे लावते.

तिची रीत भाचीच्या आकड्यांना लावून पाहिली. भाडे, वीज, एका बाईची मजुरी असा ठरलेला खर्च महिन्याला १८,००० रुपये धरला. दुकानदाराला माल ३२० रुपये किलोने द्यायचा आणि मिरची, कांडप, वेष्टन, वाहतूक मिळून किलोमागे २४० रुपये लागायचे, तर किलोमागे ८० रुपये सुटतात. म्हणजे ‘ना नफा ना तोटा’ या रेषेवर यायला महिन्याला २२५ किलो विकले पाहिजेत. आता दुकानदाराने दहा टक्के सूट मागितली आणि आपण ती संकोचाने दिली, तर भाव २८८ होतो, सुटतात ते ४८ रुपये, आणि विक्री लागते ३७५ किलोंची. दहा टक्के सूट दिल्यावर दहा-पंधरा टक्के जास्त विकून भरपाई होईल असे भाचीला वाटत होते, आणि खरे सांगायचे तर पुष्कळ पदवीधरांनाही तसेच वाटते.

पुढची पायरी उधारीची. २२५ किलो माल ३२० च्या भावाने म्हणजे महिन्याला ७२,००० रुपयांची विक्री. दीड महिन्याने पैसे येत असतील तर १,०८,००० रुपये कायम बाजारात अडकलेले. त्यात मिरचीचा स्वभाव वेगळाच. हंगामात कळमन्याच्या बाजारात आवक भरपूर असते तेव्हा माल घेऊन ठेवावा लागतो, भिवापुरी मिरचीच हवी असा हट्ट असेल तर निवडीला वाव आणखी कमी, आणि घेतलेला माल शीतगृहात ठेवायचा तर त्याचे भाडे वेगळे. देठ काढताना आणि वाळवताना वजनात जी घट येते ती कोणत्याही नमुना अहवालात नसते. यंत्रासाठी कर्ज मागणारे पुष्कळ असतात, खेळत्या भांडवलाचा, म्हणजे माल भरायला आणि उधारी वसूल होईपर्यंत तग धरायला लागणाऱ्या पैशाचा, विचार करून येणारा माझ्या नोकरीत विरळाच भेटला.

भाची नमुने घेऊन महाल भागातल्या एका किराणा दुकानात गेली, तेव्हा मालक म्हणाले, “ताई, माल ठेवून जा, विकला का पैसे घेऊन जाजा.” हे वाक्य कोणत्याही पुस्तकात नाही आणि नागपुरात दहांपैकी नऊ दुकानांत हेच ऐकायला मिळते. कायद्याचे म्हणाल तर उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म वा लघु उत्पादकाला लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, अन्यथा रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. ताज्या योजना-पुस्तकाने ही तरतूद नीट दिली आहे. तिचा धाक मोठ्या खरेदीदाराला वाटतो. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला ती ऐकवली, तर व्याज राहिले बाजूला, फळीवरची जागा मात्र जाते. पुस्तिकेचा उपाय साधा आहे: प्रत्येक दुकानासाठी उधारीची मर्यादा आधीच ठरवावी, आणि मागचे पैसे आल्याशिवाय पुढचा माल देऊ नये.

विकत घेण्यापूर्वी पाहायचे झाले तर शीर्षक पृष्ठामागचे मुद्रणाचे वर्ष पाहावे, आणि नंतर थेट ‘खेळते भांडवल’ हे प्रकरण उघडावे. ते दोन पानांत आटोपले असेल तर पुस्तक परत ठेवावे. व्याख्यात्यांचे पुस्तक ३० पानांसाठी घ्यायला हरकत नाही. जुने योजना-पुस्तक मी रद्दीत टाकले. पुस्तिका भाचीकडे आहे. महालच्या त्या दुकानाच्या नावापुढे तिने मागच्या पानावर पेन्सिलीने ‘मर्यादा १० किलो’ असे लिहून ठेवले आहे.