याकॉनचे बी म्हणून मला जे विकले गेले

याकॉनचे बी विकत मिळते, असे कोणी सांगत असेल तर पैसे देण्याआधी माझा अनुभव वाचावा, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

नाशिकजवळ गिरणारे रस्त्यालगत माझी बारा गुंठे जमीन आहे. गेली नऊ वर्षे तिथे मी चौधारी, अबई यांसारख्या बाजारात क्वचित दिसणाऱ्या खाद्य वनस्पती बियांपासून वाढवतो, त्यांतली उजवी झाडे निवडतो आणि त्यांचेच बी पुढच्या हंगामासाठी धरतो. याकॉन हे अँडीज पर्वतातले, सूर्यफुलाच्या कुळातले पीक. त्याचा कंद रताळ्यासारखा दिसतो, पण कच्चाच खातात आणि तो पाणीदार, गोडसर लागतो. त्यातली बरीचशी साखर आपल्या आतड्यात पचत नाही, म्हणून ‘मधुमेहींचे फळ’ अशी त्याची जाहिरात सर्रास केली जाते. नेपाळातही त्याची लागवड होते. ही लागवड मात्र बुंध्याशी येणाऱ्या डोळ्यांपासून करतात, कारण या झाडाला बी क्वचितच धरते आणि धरले तरी ते फार कमी उगवते. डोळ्यांपासून केलेली सगळी झाडे मूळ झाडासारखीच निघतात, त्यामुळे निवड करायला वाव राहत नाही. म्हणूनच याकॉनचे खरे बी मिळावे, ही माझी फार दिवसांची इच्छा होती.

2023 च्या मे महिन्यात गंगापूर रोडवर भरलेल्या एका प्रदर्शनात नेमके तेच माझ्यासमोर आले. विक्रेता अतिशय जाणकारपणे बोलत होता. डोळ्यांपासून लागवड करतात हे त्याने स्वतःहून मान्य केले आणि पुढे म्हणाला, “साहेब, तुमच्यासारख्या निवड करणाऱ्यांसाठीच तर हे बी पेरू देशातून मागवलंय.” तीस बियांचे पाकीट साडेचारशे रुपयांना होते. मी चार पाकिटे घेतली आणि मोबाइलवरून तिथेच पैसे दिले. बिल मागितले तेव्हा ‘उद्या पाठवतो’ असे उत्तर मिळाले आणि मी ते चालवून घेतले.

जूनमध्ये एकशेवीसपैकी एकशेदहा बिया मी ट्रेमध्ये लावल्या. सहाव्या दिवशी त्यांतल्या एकशेतीन उगवल्या होत्या. खरे तर तिथेच मी थांबायला हवे होते. ज्या पिकाचे बी मुश्किलीने उगवते, त्याची शंभरातली नव्वदहून अधिक रोपे आठवड्याच्या आत वर येणे शक्य नाही, हे मला ठाऊक होते. पण त्या दिवशी मला फक्त आनंद झाला. पुढे पहिल्या दोन-तीन जोड्या समोरासमोर आल्या आणि त्यानंतर पाने एकाआड एक येऊ लागली. याकॉनची पाने समोरासमोर असतात आणि देठाला दोन्ही बाजूंनी पंखासारखी कड असते. ही तफावत मी रोज पाहत होतो आणि बियांपासूनची झाडे वेगवेगळी निघतातच, असे म्हणून स्वतःची समजूत घालत होतो. विक्रेत्याने माझी इच्छा अचूक ओळखली होती आणि तिचेच कारण पुढे करून मी प्रत्येक खूण नाकारत गेलो.

सप्टेंबरच्या अखेरीस डोक्याएवढ्या उंचीवर तळहाताएवढी, शेंदरी फुले आली. याकॉनचे फूल लहान आणि पिवळे असते. तरीही मी डिसेंबरपर्यंत वाट पाहिली. मग कुदळीने पहिले झाड उपटले, तेव्हा मातीतून फक्त दोरीसारख्या तंतुमुळ्यांचा झुबका वर आला. एकामागून एक वीस झाडे उपटली, पण एकालाही कंद नव्हता. शोभेसाठी लावतात ते मेक्सिकन सूर्यफूल मी सहा महिने खतपाणी घालून वाढवले होते.

माझे अठराशे रुपये गेले, ते मी सोसले. पण माझ्या शब्दावर शेजारच्या आबांनी त्याच माणसाकडून सहा हजारांचे बी घेतले होते. कंद एकशेवीस रुपये किलोने परत घेण्याची हमी त्याने त्यांना साध्या कागदावर लिहून दिली होती. आबा मला एका शब्दानेही बोलले नाहीत, त्याचे मला आजही वाईट वाटते.

विक्रेत्याचा फोन तोवर बंद झाला होता. तालुका कृषी कार्यालयात माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले गेले, पण बिल नाही, लॉट क्रमांक नाही, उगवणशक्तीची टक्केवारी आणि तपासणीची तारीख असलेले लेबल नाही, तर चौकशी कुठून सुरू करायची, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. बियाणे विकायला 1983 च्या बियाणे नियंत्रण आदेशानुसार परवाना लागतो. परदेशातून बी आणायचे तर 2003 च्या आयात आदेशानुसार परवाना आणि पाठवणाऱ्या देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. ‘पेरूहून आणले’ म्हणणाऱ्याकडे हे दोन्ही कागद मी त्याच जागी मागायला हवे होते. ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे 1915 या क्रमांकावर, मी तक्रार नोंदवली आहे. पैसे दिल्याची नोंद आणि न पेरलेल्या दहा बिया एवढाच पुरावा हाती आहे. त्या दहा बिया उरल्या त्या ट्रेमध्ये जागा नव्हती म्हणून. आता मात्र प्रत्येक पाकिटातल्या काही बिया मी पाकिटासकट बाजूला काढून ठेवतो.

द्राक्षाची बाग बियांपासून लावून देतो, असे कोणी म्हणाले तर आपल्या नाशकातला शाळकरी पोरगाही त्याला दोन प्रश्न विचारेल. अनोळखी पिकाच्या बाबतीतही तेच दोन प्रश्न विचारायचे असतात: हे पीक मुळात कशापासून लावतात आणि या बियांचे मातृवृक्ष कोणाच्या शेतात पाहायला मिळतील?

या जूनमध्ये तशीच पाकिटे आडगावजवळच्या एका आठवडी बाजारात मी पुन्हा पाहिली. नाव बदलले आहे, किंमत साडेपाचशे झाली आहे, पण पाकिटावर कापलेल्या पिवळसर कंदाचा फोटो तोच आहे आणि मागची बाजू अजूनही कोरी आहे.