कॅफीन की स्पोर्ट्स ड्रिंक: खान्देशच्या उन्हात पळणाऱ्यांसाठी

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं असोत की मेहरूण तलावाला फेऱ्या मारणारे हाफ मॅरेथॉनवाले, प्रश्न एकच असतो: पळण्याआधी कडक कॉफी घ्यावी, की पळताना स्पोर्ट्स ड्रिंक? दम टिकवायला दोन्हींची मदत होते, पण कामं वेगळी. कॅफीन थकवा जाणवू देत नाही, शरीराला इंधन मात्र काहीच देत नाही. स्पोर्ट्स ड्रिंक घामातून गेलेलं पाणी आणि मीठ भरून काढतं, वर थोडी साखर पुरवतं.

टपरीवरच्या फ्रीजमधलं एनर्जी ड्रिंक हे स्पोर्ट्स ड्रिंक नव्हे, एवढं आधी लक्षात घ्या. त्याच्या २५० मिलीच्या डब्यात साधारण ७५ मिग्रॅ कॅफीन आणि २७ ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे जवळपास ११ टक्के. पळताना एवढं गोड प्यायलं की ते पोटात डचमळत राहतं.

कॅफीनचं श्रेय कॅफीनला द्यायलाच हवं. पोलीस भरतीतले १६०० मीटर पाच-सहा मिनिटांत संपतात. तेवढ्यासाठी स्पोर्ट्स ड्रिंक काही कामाचं नाही. कॅफीनचा फायदा तिथे थोडा का होईना, होतो. वजनाच्या किलोमागे ३ मिग्रॅ, धावण्याआधी तासभर. ६० किलोच्या मुलाला १८० मिग्रॅ, म्हणजे इन्स्टंट कॉफीचे साधारण तीन सपाट चमचे. अर्ध्या कट चहात एवढं नसतं. खेळांतल्या उत्तेजकांवर नजर ठेवणाऱ्या ‘वाडा’ (WADA) या जागतिक संस्थेच्या बंदी यादीतही ते २००४ पासून नाही. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. जिमच्या डब्यातली कॅफीनवाली पावडर आणि एनर्जी ड्रिंक एकाच दिवशी तर नकोच.

माझं मन कॅफीनवरून उडालं ते त्याच्या वेळेच्या बंधनामुळे. भरतीला पहाटे पाचला गेटवर उभं राहायचं, मग कागदपत्रं, उंची, छाती, चेस्ट नंबर. धावायला सातला बोलावतील की दहाला, कोणी सांगत नाही. पाचला घेतलेली कॉफी सहाला पूर्ण चढते. नंबर येईपर्यंत छाती धडधडून झालेली असते, दोनदा संडासला जाऊन झालेलं असतं, आणि गोळाफेकीचा गोळा हातात घेतला की बोटं थरथरतात. तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेतही तेच. आधीचे सामने लांबत जातात आणि सगळं गणित कोलमडतं.

सरावाच्या दिवसांत याहून वाईट. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४४ च्या पुढे जातो, म्हणून मैदान पहाटे किंवा संध्याकाळी साडेसहानंतर. संध्याकाळच्या सरावासाठी साडेपाचला १८० मिग्रॅ घेतलं, तर साधारण पाच तासांनी त्यातलं निम्मं, ९० मिग्रॅ, अंगात शिल्लक असतं. रात्री साडेदहाला एनर्जी ड्रिंकचा अख्खा डबा पिऊन आडवं झाल्यासारखंच ते. पहाटे साडेचारचा गजर ठरलेला. असे चार दिवस गेले की पाय उचलत नाहीत, आणि पोरगं चमचा वाढवतं. शिवाय या उन्हात थकव्याची जाणीव बोथट करणं मला तरी धोक्याचं वाटतं.

स्पोर्ट्स ड्रिंकला असं घड्याळ लागत नाही. तहान आणि घाम बघून प्यायचं. विकतचंच हवं असंही नाही: १ लिटर पाण्यात ६० ग्रॅम साखर, पाव चमचा, म्हणजे दीड ग्रॅम मीठ, आणि एक लिंबू. साखर एकदा काट्यावर मोजून चमचे ठरवून टाका. बिघडतं ते अंदाजाने घातल्यामुळेच. सरबतासारखं गोड झालं की साखर दहा टक्क्यांच्या वर जाते, पोटात पाणी ओढलं जातं आणि लळिंगचा घाट चढताना कळ येते. उलट ओआरएसमध्ये लिटरमागे साडेतेरा ग्रॅमच ग्लुकोज असतं. जुलाबात ते उत्तम, तासाभराच्या पळण्याला इंधन म्हणून तोकडं.

तासाच्या आतल्या सरावाला साधं पाणी पुरतं. त्यापुढे पळायचं असेल तर विसाव्या मिनिटापासून दर १५-२० मिनिटांनी १५०-२०० मिली घ्या, घटाघटा नको. दोन सामन्यांच्या मध्ये सोबत एक केळं खाल्लं तर आणखी बरं. नवीन प्रमाण स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा वापरू नका. उरलेलं दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका, आंबतं.

फक्त १६०० मीटर पळायचे आहेत, वेळ पक्की ठाऊक आहे आणि कॉफी सोसते, तर कॅफीन खुशाल घ्या. बाकी सगळ्यांना मी बाटलीच भरायला सांगेन. काळ्या टी-शर्टवर वाळल्यावर पांढरे पट्टे उमटत असतील तर लिटरमागे चिमूटभर मीठ वाढवा. सरावाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं म्हणजे प्यायलात त्याहून लिटरभर घाम जास्त गेला; पुढच्या वेळी थोडं जास्त प्या. वजन वाढलं असेल तर पिणं जास्त झालं, बाटली लहान न्या.