घरातली पाल की घाटातली? निरीक्षणाची सुरुवात कुठून करायची

पाली बघायला लागायचं ठरलं की आपल्याकडे त्यांचे दोन वंश, म्हणजे जवळच्या जातींचे गट, समोर येतात: हेमिडॅक्टायलस आणि नेमास्पिस. निवड बरीचशी तुमच्या झोपेच्या वेळेवर आहे.

हेमिडॅक्टायलस म्हणजे भिंतीवरच्या ट्यूबलाइटपाशी किडे टिपणारी आपली नेहमीची पाल. डोळ्याची बाहुली उभी, वावर रात्रीचा. बोटं रुंद, खाली पट्ट्यांच्या जोड्या आणि त्यांवर सूक्ष्म केस. त्यांच्या जोरावर ती काचेवरही चालते. बाजूने नीट पाहिलं तर रुंद भागातून नखाचं बारीक टोक वर उचललेलं दिसतं, तीच या वंशाची खूण. आपण ज्या शंकेच्या पालीला चुकचुकायला लावतो ती बहुधा यांतलीच एक, फ्रेनॅटस. पण सगळ्या घरात राहत नाहीत. 1963 साली शास्त्राला ठाऊक झालेली अल्बोफॅसिएटस रत्नागिरीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, जमिनीवर राहते. तिच्यासाठी दगड उचललात तर तो होता तसाच परत ठेवा. खालचा ओलावाच तिचं घर असतो.

नेमास्पिस त्याच्या उलट. बाहुली गोल, कारण बहुतेक जाती दिवसा फिरतात. बोटं सडपातळ, पट्ट्यांचा पसारा नाही. खडबडीत खडक आणि खोडांवर मुख्यतः नखांनीच काम भागतं. अंगाने बोटभर आणि रंगाने थेट दगडासारखी, त्यामुळे हलेपर्यंत दिसत नाही. कासच्या पठारावरची गिरी 2014 साली नोंदली गेली, आंबोलीची फ्लॅविव्हेंट्रॅलिस 2016 साली. तिच्या नराचं पोट पिवळं असतं, म्हणून ते नाव.

खरी अडचण ओळखण्याची. नेमास्पिसच्या जाती एकमेकींसारख्या दिसतात. नराच्या मांडीवरची आणि गुदद्वारापुढची छिद्रं मोजावी लागतात, आणि ती फोटोत क्वचितच येतात. मला तर अजून दरवेळी ‘नेमास्पिस, जात माहीत नाही’ एवढंच लिहून वही मिटावी लागते. हेमिडॅक्टायलसमध्येही घोळ आहेत, पण निदान ती रोज संध्याकाळी त्याच दिव्यापाशी हजर असते.

म्हणून नवख्याने पहिला पावसाळा स्वतःच्या गॅलरीत काढावा. कोण कोणाला हुसकावतं, कोण आवाज करतं, अंड्यांची जोडी कुठे सापडते, सगळं लिहून ठेवावं. आंबोलीला सकाळच्या फेरीत एखाद्या कातळावरून गोल बाहुलीचा डोळा तुमच्याकडे बघत असेल, तर मात्र हा सल्ला खुशाल मोडा.