रत्नागिरीत बनवून घेतलेला नाइट गार्ड: सहा महिन्यांनंतर

झोपेत दात खाणे म्हणजे पोटात जंत, असे आमच्याकडे सर्रास मानले जाते. त्यामुळे चाळिशी ओलांडल्यावर माझ्या दातांची करकर शेजारच्या खोलीत ऐकू जाऊ लागली, तेव्हा आईने आधी वावडिंगाचा काढाच दिला. सकाळी उठताच दोन्ही कानशिले ठणकत आणि घावनासारखा मऊ घास चावतानाही जबडा दुखे. अखेर मारुती मंदिर परिसरातील एका दंतवैद्यांच्या दवाखान्यात नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचे संरक्षक आवरण, बनवून घेतला.

त्याआधी ऑनलाइन मागवलेला, गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचा गार्ड तीन आठवड्यांत फाटला होता. हा गार्ड कडक अ‍ॅक्रिलिकचा असून वरच्या दातांवर बसतो. तो आल्यावर डॉक्टरांनी रंगीत कागद चावायला देऊन जिथे दाब जास्त पडत होता तो भाग पुनःपुन्हा घासून सम केला. माझ्या मते खरे पैसे या कामाचेच आहेत.

त्याहून मोलाचा वाटला तो त्यांचा स्पष्टपणा. झोपेत मेंदू काही क्षण जागेपणाकडे सरकतो, त्याच्या विद्युत लहरी आणि हृदयाचे ठोके वेगावतात आणि पाठोपाठ चावण्याचे स्नायू आवळले जातात. त्यांतलाच एक स्नायू कानशिलावर पसरलेला असल्याने सकाळचे डोके तिथे दुखू शकते, असे त्यांनी समजावले. गार्ड दातांची झीज वाचवतो, मेंदूला थांबवत नाही, हेही आधीच सांगितले. घोरणे, रात्रीची कॉफी आणि नैराश्यावरील गोळ्या यांबद्दल त्यांनी बारकाईने विचारले, कारण या तिन्हींचा दात खाण्याशी संबंध असू शकतो. माझी संध्याकाळची कॉफी तेव्हापासून बंद आहे.

तक्रार एकच, पण ठळक. माप कोल्हापूरच्या लॅबमध्ये जाते आणि ऐन पावसात आंबा घाटातली वाहतूक अडल्याने आठवड्याचे काम तीन आठवडे रेंगाळले. शिवाय घासून बसवण्याचे शुल्क वेगळे आहे, हे शेवटच्या दिवशी कळले.

रोजची डोकेदुखी आता आठवड्यातून एखाद्या वेळेवर आली आहे. त्यात गार्डचा वाटा किती आणि कॉफी सोडल्याचा किती, हे मला वेगळे करता येत नाही. परवाच्या तपासणीत गार्डवर दाढांच्या जागी खोल चरे दिसले. दात मी अजूनही खातोच, फक्त ते आता अ‍ॅक्रिलिकवर झिजत नाहीत, अ‍ॅक्रिलिक झिजते.